पाचवं कारण

लोकलमधून पडून गेलेल्या माणसाच्या दहाव्याला बसलो की कुणीतरी विचारतंच, "गुरुजी, तेवढंच आयुष्य होतं का हो त्याचं?" विचारणारा बहुतेक वेळा मामा नाहीतर काका असतो. आई विचारत नाही. तिचं उत्तर तिच्याजवळ असतं आणि ते फार वाईट असतं. डबा भरायला मला उशीर झाला, म्हणून त्याची नेहमीची गाडी चुकली, म्हणून तो मागच्या गर्दीच्या गाडीला लटकला.

मी डोंबिवलीत भिक्षुकी करतो. लग्न, मुंज, वास्तुशांत, सत्यनारायण सगळं करतो, पण क्रियाकर्म करणारे भिक्षुक हल्ली कमी, त्यामुळे ठाण्यापासून बदलापूर-टिटवाळ्यापर्यंत बोलावणी येतात. पिशवीत दर्भ, काळे तीळ, पळी-पंचपात्री आणि खिशात पास. गर्दीच्या उलट दिशेला जायचं असेल तर बसायला मिळतं, नाहीतर लगेजच्या डब्यात मासळीच्या टोपल्या आणि भाजीच्या गोण्यांच्या मध्ये सोवळं सांभाळत उभा राहतो. म्हणजे सांभाळत नाही. ते गाडी हलायच्या आत सुटलेलं असतं.

मामांच्या प्रश्नाला आपल्याकडे तयार उत्तर आहे: प्रारब्ध. संचित म्हणजे जन्मोजन्मीचा साठा, त्यातला या जन्मी भोगायला काढलेला वाटा ते प्रारब्ध, आणि आज हाताने करतो ते क्रियमाण. प्रारब्ध हे सुटलेल्या बाणासारखं, ते परत बोलावता येत नाही, असा दृष्टान्त वेदान्ताच्या पुस्तकांत जागोजागी आहे. हे उत्तर मी टाकाऊ मानत नाही. त्या आईच्या डोक्यातून तो डबा काढून घेणारं दुसरं काहीही माझ्या पिशवीत नसतं. "बाई, पोळ्या लाटायला उशीर झाला म्हणून कुणाचं आयुष्य तुटत नाही," असं मी म्हणतो तेव्हा खोटं बोलल्यासारखं वाटत नाही. समुपदेशक हेच तास-दोन तास बसून समजावतील. मी एका शब्दात सांगतो, आणि तो शब्द तिने आजीच्या तोंडून ऐकलेला असतो.

माझी तक्रार वेगळी आहे. हाच शब्द घाटावरून उठून स्टेशनात जातो आणि तिथे भलत्यांच्या कामी येतो. मुंबईच्या उपनगरी रुळांवर वर्षाला दोन हजारांच्या वर माणसं मरतात. रोजची सरासरी काढा, सहा-सात येते. हे आकडे गुप्त नाहीत, उच्च न्यायालयात सादर होतात, वर्तमानपत्रात छापून येतात. २०२४ मध्ये या मृत्यूंबद्दलच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने, लोकांना ज्या अवस्थेत प्रवास करावा लागतो त्याची लाज वाटते, अशा आशयाचे ताशेरे ओढले होते. आपण वाचलं, हळहळलो आणि पुढचं पान उघडलं. एवढी माणसं मरूनही शहर ढवळून निघत नाही याचं एक कारण मला माझ्याच धंद्यात दिसतं. प्रत्येक घरी एकेक भिक्षुक जातो आणि 'तेवढंच होतं' असं सांगून येतो. दोन हजार घरं, दोन हजार प्रारब्धं. बेरीज कुणी करत नाही.

बेरीज करावीशी वाटली ती भुयारात. कफ परेडला एका यजमानांकडे वास्तुशांत होती. लोकलने सीएसएमटीला उतरलो आणि तिथून मेट्रो तीन धरली. आरे ते कफ परेड अशी ही साडेतेहतीस किलोमीटरची भुयारी मार्गिका, शेवटचा टप्पा २०२५ च्या ऑक्टोबरात सुरू झाला. फलाटाच्या कडेला काचेची भिंत. गाडी येते, बरोबर जागेवर थांबते, तिचं दार आणि भिंतीतलं दार एकदम उघडतं, एकदम मिटतं. मिटल्याशिवाय गाडी हलत नाही. मी शेजारच्या माणसाकडे पाहिलं. तो माझ्याच लोकलमधून उतरला होता. मुलुंडपासून भायखळ्यापर्यंत एक पाय आत, एक हवेत असा आला होता. आता तो खांबाला टेकून फोन बघत उभा होता आणि इथे त्याने मनात आणलं असतं तरी त्याला बाहेर पडता आलं नसतं. माणूस तोच, संचित तेच, पत्रिका तीच. जिना उतरताना त्याचं प्रारब्ध कुठे गेलं?

हे मी एका जाणत्या भिक्षुक स्नेह्यांना सांगितलं. ते माझ्याहून मोठे, घनपाठी, वादात ऐकत नाहीत. म्हणाले, "अरे, मेट्रो मिळणं हेही प्रारब्धच." उत्तर बिनतोड वाटतं, पण जरा नकाशा समोर धरा. वर्सोवा ते घाटकोपर मेट्रो २०१४ च्या जूनमध्ये धावली. दहिसर-अंधेरीच्या दोन मार्गिका २०२२-२३ मध्ये पूर्ण झाल्या. ठाणे-भिवंडी-कल्याणचे खांब आम्ही आपले बघतोय. दिवा, मुंब्रा, कळवा इथली माणसं अजून त्याच उघड्या दारांत उभी आहेत. दिव्याच्या माणसाचं गेल्या जन्मीचं पाप वर्सोव्याच्या माणसापेक्षा जास्त होतं, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. शिवाय या नकाशावर आराखडा आहे, खर्चाचा अंदाज आहे, मंजुरीच्या सह्या आहेत. सहीशिक्क्यानिशी येणाऱ्या गोष्टीला अदृष्ट कसं म्हणायचं?

मग मी गीतेकडे वळलो. भिक्षुकाला दुसरीकडे कुठे वळता येतं? अठराव्या अध्यायात भगवंत अर्जुनाला सांगतात की कोणतंही कर्म घडून यायला पाच कारणं लागतात. अधिष्ठान, म्हणजे ते जिथे घडतं ती जागा. कर्ता. करण, म्हणजे साधनं. निरनिराळ्या चेष्टा, म्हणजे हालचाली. आणि पाचवं दैव. लहानपणी पाठशाळेत आम्ही हा श्लोक धडाधड म्हणायचो. पाच कारणं आहेत एवढं लक्षात राहायचं. दैवाचा नंबर पाचवा आहे, पहिली चार तपासल्याशिवाय त्याच्यापर्यंत जायचं नाही, हे कुणी थांबून सांगितलं नव्हतं.

९ जून २०२५ ची सकाळ घ्या. मुंब्र्याच्या वळणावर दोन गाड्या एकमेकींशेजारून गेल्या, दारात लटकलेली माणसं खाली पडली, त्या दिवशी चार जण गेले. आता पाच कारणं लावून बघा.

अधिष्ठान: पारसिकचा डोंगर एका अंगाला, खाडी दुसऱ्या अंगाला, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीतून रूळ. बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत गाडी १८५३ ला आली, पुढच्याच वर्षी कल्याणला पोचली, ती डोंगराला वळसा घालून खाडीच्या कडेने. डोंगराच्या पोटातून सरळ जाणारा पारसिकचा बोगदा झाला १९१६ ला. ठाणे-दिव्यामधली पाचवी-सहावी मार्गिका सुरू व्हायला २०२२ उजाडलं. वळणावर रुळाची एक बाजू उंच ठेवावी लागते, डबा कलतो, शेजारून येणारी गाडी सरळ मार्गावर असते त्याहून जवळ येते. दारात आत उभ्या माणसाला हे कळतही नाही. बाहेर लोंबकळणाऱ्याला कळायला वेळ उरत नाही.

कर्ता: दारातून पडलेला मुलगा. होय, दारात तो उभा होता. पण सकाळी आठ-साडेआठला डोंबिवलीच्या फलाटावर एकदा येऊन बघा. कर्जत, कसारा, बदलापूरहून येणारी गाडी आमच्याकडे येतानाच भरलेली असते. दारात उभं राहायची हौस वीस-बावीसच्या काही पोरांना असते, नाकारत नाही. बाकीच्यांचं इतकंच झालेलं असतं की पाय आत ठेवायला जागा मिळाली आणि उरलेल्या शरीराला मिळाली नाही.

करण: डबा, दार, मधला खांब, वरची कडी. इथे मला जरा थांबायचं आहे. गर्दीच्या वेळच्या लोकलमध्ये एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसं उभी असतात. रेल्वेच्या भाषेत याला 'सुपर डेन्स क्रश लोड' असं भारदस्त नाव आहे. दहाव्याला मी आणि क्रिया करणारा समोरासमोर बसतो, मध्ये पिंडांचं ताट, बाजूला तांब्या. तेवढ्यानेच एक चौरस मीटर भरून जातो. तेवढ्या जागेत सोळा जण. आणि दार उघडं का? निष्काळजीपणा म्हणून नाही, हिशेब म्हणून. स्टेशनात गाडी थांबते वीस-तीस सेकंद, मागून दुसरी तीन-चार मिनिटांत येणार. दार मिटायला आणि मिटलं का बघायला प्रत्येक स्टेशनावर काही सेकंद जास्त लागले की ती साठत जातात आणि दिवसभरातल्या फेऱ्या कमी होतात. शिवाय वातानुकूलित नसलेल्या डब्याची दारं मिटली तर आत माणसं गुदमरतील. म्हणजे दार उघडं ठेवून जास्त माणसं न्यायची आणि त्यातली काही पडतील हे धरून चालायचं. एवढं स्पष्ट कुणी लिहिलेलं नसेल, पण वेळापत्रक तेच सांगतं.

चेष्टा: मागून आलेला रेटा, ब्रेकचा हिसका, कुणाची पाठीवरची सॅक समोरच्या गाडीतल्या सॅकला घासणं, शेजाऱ्याने शर्ट धरायचा केलेला प्रयत्न. हा प्रयत्न कुठल्याच बातमीत येत नाही. घाटावर येतो. एखादा मित्र स्वतःच्या तळव्याकडे बघत बसलेला असतो, तेव्हा समजायचं.

या सगळ्यानंतर दैव. त्या दारात सहा जण होते आणि तोच का, या प्रश्नाला पहिल्या चारांपैकी कुठलंच कारण उत्तर देत नाही. तिथे दैव म्हणायला माझी हरकत नाही, तिथेच ते म्हणायचं असतं. पण दारात कुणीतरी पडणार हे मात्र दैव नव्हतं. त्याच आठवड्यात ते सिद्धही झालं. मुंब्र्यानंतर रेल्वेने जाहीर केलं की यापुढच्या साध्या लोकलनाही आपोआप मिटणारी दारं असतील, हवा खेळावी म्हणून दारांना झडपा असतील, छतातून वारा येईल, एका डब्यातून दुसऱ्यात जाता येईल. मिटणाऱ्या दारांची वातानुकूलित लोकल तर पश्चिम मार्गावर २५ डिसेंबर २०१७ पासून धावते आहे. इतकी वर्षं ज्याला आम्ही प्रारब्ध म्हणत होतो त्याला झडप बसवता येत होती.

गीतेचा एक सोडून पुढचा श्लोक तर आणखी अडचणीचा आहे. पाच कारणं असताना जो एकट्या आत्म्यालाच कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही, असं भगवंत म्हणतात. आचार्यांनी याचा अर्थ अकर्ता आत्म्याकडे नेला आहे आणि तो योग्यच आहे. पण भिक्षुकाच्या पातळीवर मला त्यातून एवढं मिळालं की 'त्याचीच चूक' म्हणणारा आणि 'त्याचंच नशीब' म्हणणारा, दोघं एकाच बाकावर बसतात. दोघंही सगळं त्या एकट्या मुलाच्या अंगावर टाकून मोकळे होतात. एक जण या जन्मातलं टाकतो, दुसरा मागच्या.

दुर्मरणाचा प्रश्नही येतोच. रुळावर गेलेल्याच्या घरी शेजारीपाजारी लगेच सांगतात, "त्र्यंबकेश्वरला नारायणबळी करून घ्या, नाहीतर गती नाही." धर्मशास्त्रात दुर्मरणाचा विचार आहे. शिंगाच्या, सुळ्याच्या जनावराने मारलेला, पाण्यात बुडालेला, आगीत, विजेने, उंचावरून पडून गेलेला, अशी ती यादी. पण तिथेच एक विवेकही आहे. जाणूनबुजून स्वतःला मारून घेतलं की नकळत, हे आधी बघा. नकळत गेला असेल तर त्याचं सुतक धरा, त्याला पाणी द्या, सगळी क्रिया नेहमीप्रमाणे करा. शास्त्रकारांच्या काळी रेल्वे नव्हती, पण नदीकाठी पाय घसरायचा. पाय घसरलेल्याला आत्मघात्यांच्या ओळीत बसवायला ते तयार नव्हते.

गंमत म्हणजे हाच वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. रेल्वे कायद्याच्या १२४-अ कलमाखाली गाडीतून अपघाताने पडलेल्या प्रवाशाला भरपाई मिळते, आणि त्यासाठी रेल्वेची चूक सिद्ध करावी लागत नाही. पण स्वतःहून करून घेतलेली इजा असेल तर मिळत नाही. मग रेल्वेचे वकील म्हणायचे, दारात उभा राहिला म्हणजे स्वतःहूनच करून घेतलं. २००८ च्या प्रभाकरन विजयकुमार खटल्यात न्यायालयाने सांगितलं की इथे चूक कुणाची हा प्रश्नच नाही, जबाबदारी रेल्वेची. २०१८ च्या रीना देवी खटल्यात आणखी स्पष्ट केलं: स्वतःहून म्हणायला तसा हेतू लागतो, नुसता बेसावधपणा पुरत नाही. हे वाचून मला आमच्या ग्रंथांतलं ते सुतकाचं प्रकरण आठवलं. धर्मशास्त्र आणि न्यायशास्त्र क्वचितच एका पंगतीला बसतात, इथे बसले. नारायणबळी करू नका असं मी कुणाला सांगत नाही; मनाचं समाधान होत असेल तर करावा. मात्र 'केला नाही तर तो तिथेच घुटमळत राहील' असं सांगून कुणी आईला घाबरवत असेल तर मी मध्ये पडतो. तो कुठेही घुटमळत नाही. घुटमळतेय ती सकाळची गाडी, सिग्नलला.

आता दसऱ्याचं सांगतो, कारण तिथे मीही असतो. नवरात्रात लोकलमधले गट आपापला डबा सजवतात. झेंडूच्या माळा, आंब्याची पानं, कुठे केळीचे खुंट, दाराच्या कड्यांना तोरण. मोटरमनला श्रीफळ, पेढे. आमच्या बाजूच्या एका भजनी मंडळाची गाडी ठरलेली आहे, ते मला मंत्र म्हणायला घेऊन जातात. ज्या साधनावर पोट चालतं त्याची पूजा करायची ही रीत मला फार आवडते. लोहाराने ऐरणीची करावी, चांभाराने रापीची, चाकरमान्याने लोकलची. तोरण बांधताना पोरं त्याच दाराच्या कडीला धरून बाहेर झुकतात. ज्याची पूजा करतो तेच साधन आपल्याला अर्धवट मिळालंय, दार असून नसल्यासारखं आहे, हे मात्र पूजेत कुठे येत नाही. वर्षभर उघड्या राहिलेल्या दारालाच आपण हळदकुंकू लावतो. एका दसऱ्याला आरती झाल्यावर मी हे बोललो. टाळ वाजवणारे एक काका म्हणाले, "गुरुजी, दार लावलं तर आम्ही डोंबिवलीत चढणार कसे?" हा मुद्दा खरा होता आणि त्यावर माझ्याजवळ मंत्र नव्हता. दार आलं तर गाड्याही जास्त याव्या लागतील, डबे पंधरा व्हावे लागतील, मार्गिका वाढाव्या लागतील. काकांना हे सगळं माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. त्यांनी पुन्हा टाळ उचलले.

मग पाप कुणाच्या खाती जायचं? वेळापत्रक एकाने केलं नाही, डबा एकाने बांधला नाही. शे-दोनशे खुर्च्यांत वाटलेलं कर्म कुणाला चिकटतं, असा प्रश्न विचारला की वेदान्ती मंडळी गप्प होतात, कारण त्यांचा कर्ता नेहमी एकटा असतो. याचं उत्तर मला सापडलं ते मनुस्मृतीत. नाव घेतलं की भुवया वर जातात, आणि त्या जाव्यात असंच त्या ग्रंथात पुष्कळ आहे. पण आठव्या अध्यायात एक राजधर्म सांगितला आहे. प्रजेचं रक्षण करणाऱ्या राजाला तिच्या पुण्याचा सहावा हिस्सा मिळतो आणि न करणाऱ्याला अधर्माचा सहावा हिस्सा. हा हिस्सा लागू होण्यासाठी राजाने स्वतः हाताने काही केलेलं असावं लागत नाही. राखलं नाही एवढं पुरे. पद बदललं, माणूस बदलला, तरी हिस्सा गादीला लागू राहतो. आज गादीवर कोण आहे ते ठरवणं अवघड. रेल्वे मंडळ, मंत्रालय, महानगरपालिका, आणि लोकशाही असल्यामुळे थोडे आपणही. आपल्या वाट्याला त्या सहाव्या हिश्श्याचा कितवा भाग येतो हे मला काढता येत नाही, पण शून्य येत नाही.

रूळ ओलांडताना गेलेल्यांबद्दलही एक वाक्य लिहायला हवं, कारण पडणाऱ्यांपेक्षा ते जास्त आहेत. कायदा त्यांना भरपाई देत नाही. रूळ ओलांडणं १४७ कलमाखाली गुन्हाच आहे. वस्ती एका बाजूला, पाण्याचा नळ आणि शाळा दुसऱ्या बाजूला, पूल लांब टोकाला, अशी जागा ज्याने पाहिली आहे त्याला 'गुन्हा' म्हणताना जरा अडखळायला होईल. पिंड मी दोघांना सारखाच देतो.

एका दहाव्याचं सांगतो. कल्याणपलीकडचा मुलगा, नोकरीला लागून फार दिवस झाले नव्हते. धाकट्या भावाने क्रिया केली. खाडीकाठच्या घाटावर पिंड ठेवले आणि आम्ही मागे सरकलो. कावळे होते, समोरच्या भिंतीवर बसले होते, पण शिवत नव्हते. अशा वेळी घरचे पुढे होऊन शब्द देतात. भावाने सांगितलं, आईला बघीन. मामांनी सांगितलं, बहिणीचं लग्न आम्ही करू. कावळा ढिम्म. मग त्याचे गाडीतले मित्र पुढे आले, चौघं. अशा मित्रांना एकमेकांची आडनावं कधी कधी माहीत नसतात, स्टेशनं माहीत असतात. त्यातला एक म्हणाला, "भाऊ, आम्ही यापुढे दारात उभं राहणार नाही." बाकी तिघांनी माना खाली घातल्या. दुसऱ्या दिवशीची गाडी त्या सगळ्यांनाच माहीत होती. मी दर्भ काढला, गाठ मारून कावळा करायला घेतला. तेवढ्यात दुसरा मित्र हळूच बोलला, "तुझ्या क्लेमचे कागद मी लावतो. पंचनाम्याची कॉपी मी आणतो." भिंतीवरचा एक कावळा उतरला आणि भाताचा घास घेऊन गेला. कावळ्याला क्लेम कळतो असं मला म्हणायचं नाही. त्याला भूक लागली असेल. पण आई त्या मित्राकडे बघायला लागली, ती पहिल्यांदाच कुणाकडे तरी बघत होती.

तेव्हापासून तेराव्याच्या याद्यांमध्ये मी आणखी काही गोष्टी सांगतो. त्याचे कपडे, घड्याळ, चष्मा अस्थींबरोबर सोडायचे असतील तर सोडा, पास मात्र सोडू नका, पाकिटातली तिकिटाची चिठ्ठी फाडू नका, तिकीट मोबाइलवर असेल तर फोन फुटलेला का असेना, तो ठेवा. अंगावर तिकीट सापडलं नाही म्हणून दावा आपोआप बुडत नाही, पण असेल तर भांडण कमी. लोहमार्ग पोलिसांच्या पंचनाम्यात जागा लिहिलेली असते: किलोमीटरचा आकडा, तिरकी रेघ, विजेच्या खांबाचा आकडा. आम्ही संकल्पात देश-काल उच्चारतो, जंबुद्वीपापासून सुरुवात करून गोदावरीच्या काठापर्यंत येतो. पंचनामा त्याही पुढे खांबापर्यंत जातो. ती प्रत मिळवा. मृत्यूची भरपाई २०१७ पासून आठ लाख आहे, अर्ज रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे करायचा, आणि मुदत एक वर्ष. वर्षश्राद्धाच्या आधी अर्ज गेला पाहिजे, असं सांगितलं की लोकांच्या बरोबर ध्यानात राहतं.

त्या घरी हे सांगत होतो तेव्हा मामा उखडले. "म्हणजे आता मेलेल्याचे पैसे खायचे?"

"मामा, दहाव्याची दक्षिणा मी घेतली ती कशाची होती?"

ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पण तेवढंच आयुष्य होतं ना त्याचं? तुम्हीच परवा म्हणालात."

"बहिणीला म्हणालो. तिला म्हणायला हवं होतं. अर्जात ते चालत नाही, तिथे कसा पडला ते विचारतात."

"काय लिहायचं मग?"

"गाडीतून पडला. दार उघडं होतं. आत जागा नव्हती. तिघं बघणारे आहेत, त्यांची नावं."

क्लेमचे कागद लावणाऱ्या मित्राची दुसरी पाळी होती, त्यामुळे सकाळी तो मोकळा होता. मामांनी त्याला विचारलं, पोलीस चौकी नक्की कुठल्या फलाटावर आहे, आणि दोघं पंचनाम्याला जायची वेळ ठरवायला लागले. मामा म्हणत होते आठ पन्नासची धरू. मित्र म्हणाला, ती नको, तिला चढायलाच मिळत नाही, दहानंतरची बघू.